यजमान, आश्रित आणि मावशी

मराठीत ‘यजमान’ या शब्दाचे तीन अर्थ एकत्र नांदतात. ज्याच्या नावाने संकल्प सोडला जातो आणि जो दक्षिणेचा खर्च सोसतो, तो यजमान. पाहुण्याला घरात घेणारा, तो यजमान. आणि नवऱ्याचे नाव न उच्चारणाऱ्या पिढीतल्या बायका ज्याला ‘आमचे यजमान’ म्हणत, तोही यजमानच. स्थलांतराच्या कायद्यातल्या ‘स्पॉन्सर’ला मराठीत काय म्हणावे हा प्रश्न माझ्यापुढे येतो, तेव्हा परिभाषेतला ‘प्रायोजक’ हाताशी असतो. पण तो ऐकला की क्रिकेटचे सामने आणि दूरचित्रवाणीवरच्या मालिका आठवतात. कायद्याला अभिप्रेत असलेला स्पॉन्सर खर्चाची हमी देतो, येणारीला आपल्या छपराखाली घेतो आणि पुष्कळदा तिचा नवरा असतो. म्हणजे तो आपला जुना यजमानच झाला. हा शब्द इतका चपखल बसतो की मी तो वापरायचे टाळते. कुणा एका देशाच्या संसदेने अमुक साली केलेली व्यवस्था त्या शब्दामुळे अनादी वाटू लागते.

या लेखात मला दोन प्रकारचे मजकूर शेजारी ठेवून वाचायचे आहेत. एक, परदेशी काम करणाऱ्या जोडीदाराच्या मागे जाण्यासाठी नवरा-बायको तयार करतात ती व्हिसाची फाइल. दुसरा, मराठीने परदेशी गेलेल्या जोडप्यांविषयी लिहिलेले साहित्य. पहिला मजकूर मी पोटासाठी वाचते, दुसरा आवडीने. दोन्ही वाचून माझे मत असे झाले आहे, की लग्नाला कायदा जे व्याकरण लावतो ते आपल्या साहित्याने फारसे वाचलेलेच नाही. ते वाचले असते, तर आपल्या घरातली एक फार जुनी कथाही आपण वेगळी सांगितली असती.

मी पानिपतात राहते. पुण्यात हे सांगितले की समोरचा आधी हसतो, मग सांत्वन करतो. प्रत्यक्षात हे जी. टी. रोडवरचे हातमाग, गालिचे आणि ब्लँकेटांचे गाव आहे. अमेरिका-युरोपात टाकून दिलेले कपडे गठ्ठ्यांनी इथे येतात, रंगांप्रमाणे वेगळे होतात, त्यांचे पुन्हा सूत होते. कपडे इकडे येतात आणि माणसे तिकडे जायला निघतात. तौलनिक साहित्याच्या एम.ए.वर आणि कादंबऱ्यांच्या अनुवादावर घर चालत नाही, म्हणून या निघालेल्या माणसांचे कागद मी इंग्रजीत करते: इथल्या कुटुंबांचे हिंदीतून, गुरुग्राम-नोएडातल्या मराठी कुटुंबांचे मराठीतून. विवाह नोंदणीचे दाखले, नाव बदलल्याची प्रतिज्ञापत्रे, सासऱ्यांची पत्रे, लग्नपत्रिका.

मराठी कागद भाषांतर करताना पहिला अडथळा नावाचाच येतो. लग्नानंतर आपल्याकडे बाईच्या नावात मधोमध नवऱ्याचे नाव येते. इंग्रजी अर्जात मधल्या नावाचा रकाना असतो, पण तिथे दुसऱ्याच माणसाचे नाव का, हे त्या रकान्याला कळत नाही. माहेरच्या नावाचा जन्मदाखला, सासरच्या नावाचा पासपोर्ट आणि पदवीच्या प्रमाणपत्रावर वडिलांचे मधले नाव, अशा तीन नावांची बाई एकच आहे हे आधी सिद्ध करावे लागते. मग ‘आश्रित’ म्हणून तिची नोंद होते. मला दर वेळी वाटते, की आश्रितपणाची नोंद तिच्या नावाच्या पोटात आधीपासूनच होती. कायद्याने फक्त तिला रकाना दिला.

अमेरिकेचे उदाहरण घेऊ, कारण मराठी घरांना तेच जास्त ओळखीचे आहे. एच-१बी हा कामाचा व्हिसा १९९० च्या कायद्याने आजच्या स्वरूपात आला. त्यावर गेलेल्याच्या जोडीदाराला एच-४ मिळतो. एच-१बीवाल्याची हमी कंपनी घेते आणि एच-४वालीचा हक्क नवऱ्याच्या हक्कातून निघतो. यजमानालाही यजमान आहे. नवऱ्याची नोकरी गेली तर साधारण साठ दिवसांची सवलत मिळते, तेवढ्यात नवी नोकरी किंवा दुसरा मार्ग सापडला नाही तर दोघांचाही मुक्काम संपतो. घटस्फोट झाला तर तिचा एकटीचा संपतो. एच-४वर नोकरी करायला कित्येक वर्षे मुळीच परवानगी नव्हती. २६ मे २०१५ पासून ती काहींना मिळाली. नवऱ्याचा ग्रीन कार्डसाठीचा कंपनीचा अर्ज मंजूर झालेला हवा, किंवा त्या वाटेवर असल्यामुळे त्याचा एच-१बी सहा वर्षांपलीकडे वाढलेला हवा. त्या नियमाविरुद्ध तेव्हाच दावा लागला आणि तो कित्येक वर्षे चालला. म्हणजे तिच्या हातातल्या पदवीला किंमत कधी यायची, हे तिच्या नवऱ्याच्या मालकाने भरलेल्या अर्जावर ठरते.

या व्यवस्थेत लग्नाच्या तारखेला जे वजन आहे ते पाहून आपले जुने पंचांगवालेही चकित होतील. कंपनीमार्फत ग्रीन कार्ड मिळण्याआधी लग्न झालेले असेल, तर बायको त्याच अर्जाच्या सावलीत येते. बरोबर येऊ शकते किंवा मागाहून. ग्रीन कार्ड हातात पडल्यानंतर लग्न झाले, तर नवऱ्याला तिच्यासाठी कुटुंब-प्रवर्गात वेगळा अर्ज करावा लागतो आणि तिथे वार्षिक संख्येची मर्यादा आहे. तोच नवरा नागरिक झाला की ही मर्यादा उठते. माणसे तीच, संसारही तोच, फरक मुहूर्ताचा. पत्रिकेतले जन्मस्थानही इथे कामाला येते. ग्रीन कार्डाच्या रांगा जन्माच्या देशाप्रमाणे लागतात आणि कोणत्याही एका देशाच्या वाट्याला साधारण सात टक्क्यांहून जास्त येत नाही, म्हणून भारतात जन्मलेल्यांची रांग लांबच लांब आहे. पण जोडीदाराचा जन्म दुसऱ्या देशात झाला असेल तर त्या देशाच्या रांगेत उभे राहता येते. वडील नोकरीला मस्कतला असताना जन्मलेली मुलगी अशा वेळी आपल्या नवऱ्याची वाट काही वर्षांनी कमी करते. कॅनडाने तर गुणमेलनच ठेवले आहे. आपल्याकडे छत्तीस गुण, त्यांच्याकडे बाराशे. जोडीदार बरोबर असेल तर मुख्य अर्जदाराचे काही गुण कमी होतात आणि जोडीदाराच्या शिक्षण, भाषा व अनुभवाचे मिळून जास्तीत जास्त चाळीस गुण मिळतात.

एवढे झाल्यावर खरा साहित्यिक प्रश्न येतो: हे लग्न अस्सल आहे का? कॅनडाच्या नियमात ‘अस्सल नसलेले’ आणि ‘मुख्यतः स्थलांतराच्या लाभासाठी केलेले’ अशा दोन कसोट्या आहेत. अमेरिकेत जोडीदाराच्या आधारावर कायम वास्तव्य मिळताना लग्नाला दोन वर्षे झालेली नसतील तर ते आधी सशर्त मिळते. दोन वर्षांनी पुन्हा संसाराचा हिशेब द्यावा लागतो. ब्रिटनने १९८० ते १९९७ या काळात ‘मुख्य हेतू’चा नियम चालवला. लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये येणे हा नव्हता, हे अर्जदाराने सिद्ध करायचे. त्याचा सर्वांत जास्त फटका भारतीय उपखंडातल्या, ठरवून केलेल्या लग्नांना बसला. नसलेल्या हेतूचा पुरावा कसा द्यायचा, हे कुणालाच सांगता येत नव्हते.

फाइल तपासणारा अधिकारी हा एक वाचक आहे आणि त्याची अभिरुची ठाम आहे. त्याला वास्तववाद लागतो, तोही तपशिलांचा: जोडीने काढलेले बँकेचे खाते, घरभाड्याचा करार, विम्यावरचे वारसाचे नाव, नातेवाइकांसह फोटो. ‘तुम्ही कसे भेटलात’ या प्रश्नाला त्याला कथानक हवे असते. आपल्या ठरवून झालेल्या लग्नात कथानक थोडे आणि विधी पुष्कळ. कांदेपोह्यांचा कार्यक्रम इंग्रजीत लिहिताना ‘दोन्ही कुटुंबांची औपचारिक भेट’ असे होते, साखरपुड्याचा वाङ्‌निश्चय उरतो, पण याद्या झाल्या म्हणजे नेमके काय झाले हे सांगायला चार वाक्ये खर्चावी लागतात. देण्याघेण्याच्या याद्या कराव्यात तर तो वाचक हुंडा समजेल, गाळाव्यात तर लग्न कुणी ठरवले हे कळणार नाही. जोडपी हळूहळू त्या वाचकाच्या अभिरुचीप्रमाणे आपला संसार सांगायला शिकतात. फोटोत जवळ उभी राहतात, वाढदिवसाच्या शुभेच्छा मोबाइलवर लेखी देतात, आणि आई-वडिलांनी ठरवलेल्या लग्नाला मागाहून प्रेमकथेचा आकार येतो. यात खोटे काही नसते, पण संशयी वाचकासाठी लिहिलेली ती कथा असते, आणि लिहिता लिहिता लिहिणाऱ्यालाही ती आपली वाटू लागते. कुठल्याही मोठ्या कादंबरीला पुरेल एवढी ही सामग्री आहे.

मराठीने मात्र परदेशी संसार मुख्यतः दोन तऱ्हांनी लिहिला. एक प्रवासवर्णनाची, आणि दुसरी स्मरणरंजनाची. दुसऱ्या तऱ्हेत चांगले लेखनही आहे. अपर्णा वेलणकर यांचे ‘फॉर हिअर, ऑर टू गो?’ हे पुस्तक मी त्यात वरच्या जागी ठेवते. अमेरिकेतल्या उपाहारगृहातला रोजचा प्रश्न त्यांनी एका पिढीच्या आयुष्याला विचारला. पण ती पिढी मुख्यतः १९६५ च्या कायद्यानंतर गेलेली. त्या कायद्याने आशियाई लोकांवरचे जुने निर्बंध उठवले. पुष्कळ डॉक्टर-इंजिनियर थेट कायम वास्तव्याच्या व्हिसावर गेले आणि त्यांच्या बायका तशाच व्हिसावर आल्या. त्यांना नोकरीचा हक्क पहिल्या दिवसापासून होता. त्यांचा झगडा बर्फाशी, एकटेपणाशी, न मिळणाऱ्या कढीपत्त्याशी आणि मुलांच्या भाषेशी होता. १९९० नंतर एच-४वर गेलेल्या बाईचा झगडा एका कागदाशी होता. आपण दोघींच्या कथा ‘अमेरिकेतली मराठी बाई’ या एकाच शीर्षकाखाली वाचतो, म्हणून दुसरीच्या दुःखातही आपल्याला पहिलीची घरची ओढच ऐकू येते. एका पिढीला जायला मिळाले आणि मनाने राहवले नाही. दुसरीला राहायचे होते, पण काही करायची मुभा नव्हती. हे दोन वेगळे साहित्यप्रकार आहेत.

हा दुसरा प्रकार आधी ओळखला तो समाजशास्त्राने आणि माहितीपटाने. मेघना दमाणी यांचा ‘हार्ट्स सस्पेंडेड’ हा माहितीपट २००७ चा, एच-४वर आलेल्या बायकांविषयीचा आणि स्वतःविषयीचाही. एमी भट्ट यांचे ‘हाय-टेक हाउसवाइव्ह्ज’ २०१८ मध्ये आले. माहिती तंत्रज्ञानातल्या पुरुषांची येजा ज्या घरकामावर उभी असते ते घरकाम त्यांनी मोजणीत आणले. पल्लवी बॅनर्जी यांचे ‘द ऑपॉर्च्युनिटी ट्रॅप’ २०२२ चे, आणि माझ्या विषयाला सर्वांत जवळचे. त्यांनी दोन प्रकारची भारतीय कुटुंबे समोरासमोर ठेवली: नवरा संगणक क्षेत्रात आणि बायको आश्रित, हा एक प्रकार, बायको परिचारिका आणि नवरा आश्रित, हा दुसरा. या मांडणीमुळे त्यांचे पुस्तक नेहमीच्या तक्रारीपलीकडे जाते. आश्रित पुरुषाची कुचंबणा दिसली की कळते, बाईच्या स्वभावाचा किंवा संस्कृतीचा दोष म्हणून जे खपवले जात होते ते व्हिसाचे काम आहे. त्याच वेळी हेही दिसते, की आश्रित पुरुषाच्या वाट्याला आलेली लाज आश्रित बाईच्या वाट्याला येत नाही, कारण तिचे आश्रित असणे सगळ्यांना स्वाभाविक वाटते. पुस्तकाची मर्यादा त्याच्या शिस्तीची आहे. मुलाखत देणारी बाई तिथे निष्कर्षाला आधार द्यायला येते आणि वाक्य संपले की निघून जाते. ती मराठीत, मल्याळममध्ये, तेलुगूत काय म्हणाली असती, कुठे थांबली असती, नवऱ्याला काय म्हणून हाक मारली असती, हे तिथे शोधू नये. ते काम कादंबरीचे. मराठी कादंबरीपुढे ते अजून पडून आहे.

आणि तरीही मराठीत या विषयाची एक मोठी कथा शंभरावर वर्षे सांगितली जाते आहे. श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ १९६८ ची. पुढे तिचे नाटक झाले, आशा दामले यांनी इंग्रजीत संक्षेप करून अनुवाद केला, २०१९ मध्ये समीर विद्वांस यांचा त्याच नावाचा चित्रपट आला. कथा सगळ्यांना पाठ आहे. मी ती फाइल म्हणून वाचून पाहते.

टपाल खात्यात नोकरीला असलेले गोपाळराव जोशी अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर यांना पत्र लिहितात. बायकोला शिकवायचे आहे, त्यासाठी आपल्यालाही तिकडे काही काम मिळावे, अशी विनंती. म्हणजे नवऱ्याने कामावर जायचे आणि बायकोने त्याच्या आधाराने, ही आजच्या एच-१बी-एच-४चीच मांडणी. वाइल्डर यांचा कल त्यांनी आधी ख्रिस्ती व्हावे असा. हमीदाराची अट धर्माची होती. ते जमले नाही. पण पत्रव्यवहार वाइल्डर यांच्या नियतकालिकात छापला गेला आणि १८८० मध्ये न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्या वाचनात आला. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले. ७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई कलकत्त्याहून एकट्या निघाल्या आणि जूनमध्ये न्यू यॉर्कला उतरल्या. त्याआधी श्रीरामपूरला त्यांनी जे इंग्रजी भाषण केले, त्यात लोकांच्या प्रश्नांना त्या उत्तरे देत होत्या. एकटी का जातेस, हा त्यांतला एक.

तेव्हा अशा प्रवाशाला व्हिसा लागत नव्हता. पण १८८२ चा अमेरिकन कायदा लागू होता, आणि स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या, सार्वजनिक खर्चावर भार होईल अशा माणसाला उतरू न देण्याची तरतूद त्यात होती. आजच्या हमीपत्रांचे मूळ त्याच तरतुदीत आहे. अठरा वर्षांची, नवऱ्याशिवाय आलेली हिंदू मुलगी भार होणार नाही याची हमी कुणी दिली? गोपाळरावांनी नाही. ती कार्पेंटर बाईंच्या घराने दिली, आणि नंतर फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाने, शिष्यवृत्ती देऊन. गोपाळराव मागाहून अमेरिकेत पोचले आणि ११ मार्च १८८६ च्या पदवीदान समारंभाला हजर होते. कायद्याच्या आजच्या भाषेत आनंदीबाई मुख्य अर्जदार आणि गोपाळराव मागून आलेले जोडीदार.

कादंबरी ही उलटापालट पाहते, पण तिचे कुतूहल गोपाळरावांच्या स्वभावात गुंतलेले आहे. त्यांचा हट्ट, त्यांची माया, त्यांची मारहाण, त्यांचा मत्सर, हे सगळे तिथे ठळक आहे. त्यामुळे वाचकाला प्रश्न पडतो तो एवढाच: हा नवरा चांगला की वाईट? मीरा कोसंबी यांचे ‘अ फ्रॅगमेंटेड फेमिनिझम’ हे आनंदीबाईंच्या चरित्र-पत्रांचे पुस्तक त्यांच्या निधनानंतर, २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. ती पत्रे वाचताना प्रश्न बदलतो. नवरा हजारो मैलांवर, त्याचा पैसा अपुरा, छप्पर दुसऱ्याचे, फी दुसऱ्याची. आणि तरी कपडे, वागणे, बोलणे यांचा हिशेब टपालाने त्यालाच द्यायचा. खर्च आणि आसरा देण्याचे काम दुसऱ्यांकडे गेले, तरी हिशेब मागण्याचा हक्क नवऱ्याकडेच राहिला. यजमानपणाचे तीन अर्थ एकमेकांपासून सुटले म्हणून बाई सुटत नाही, हे आनंदीबाईंच्या पत्रांत जितके स्पष्ट दिसते तितके मला दुसऱ्या कुठल्या मराठी मजकुरात दिसलेले नाही. ‘चांगला की वाईट’ या प्रश्नात अडकलेल्या कादंबरीने आणि चित्रपटाने हाच धागा सोडून दिला.

कायदा हे अर्थ किती घट्ट बांधतो, त्याचे दुसरे टोक सखाराम गणेश पंडित यांच्या खटल्यात आहे. अहमदाबादला जन्मलेले पंडित १९१४ मध्ये अमेरिकन नागरिक झाले, लॉस एंजेलिसला वकील झाले आणि १९२० मध्ये त्यांनी लिलियन स्ट्रिंगर या अमेरिकन बाईशी लग्न केले. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हिंदी लोकांना ‘गोरे’ मानायला नकार दिला. थिंड यांचे वकील पंडितच होते. त्यानंतर सरकारने आधी दिलेली नागरिकत्वे परत घ्यायला सुरुवात केली, त्यात पंडितांचेही नाव होते. परदेशी माणसाशी लग्न करणाऱ्या अमेरिकन बाईचे नागरिकत्व जाते, असा १९०७ चा कायदा होता. पंडित मुळात नागरिक नव्हतेच असे ठरले असते, तर कॅलिफोर्नियात राहणाऱ्या लिलियन परदेशी ठरल्या असत्या. पंडित १९२६ मध्ये अपील न्यायालयात जिंकले आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. या संसारावर मराठीत एखादे पुस्तक असायला हवे होते.

आता पुन्हा पानिपत. इथे व्याकरण उलटे फिरले आहे, आणि ते फिरवले आहे मुलींनी. जी. टी. रोडवर आयलेट्सच्या शिकवण्यांच्या पाट्या आहेत. इंग्रजीच्या या परीक्षेत नऊपैकी किती ‘बँड’ मिळाले हा वधू-वर जाहिरातींत जातीनंतरचा मजकूर असतो. पंजाबात रूढ झालेला व्यवहार हरियाणाच्या या पट्ट्यातही आला. मुलगी हुशार, तिला बँड चांगले. मुलाकडे जमीन, पण इंग्रजी नाही. मुलाकडचे मुलीच्या कॅनडातल्या शिक्षणाचा खर्च करतात, लग्न होते, मुलगी विद्यार्थी म्हणून जाते आणि तिच्या आधारावर नवऱ्याला कामाचा खुला परवाना मिळतो. खर्च सासऱ्यांचा, हक्क सुनेचा, कामाचा परवाना मुलाचा. यजमान कोण?

या लग्नांविषयी जे लिहिले-गायले जाते त्यात एकच कथा परतून येते: सून तिकडे गेली, फोन घ्यायची बंद झाली, नवऱ्याला बोलावलेच नाही. बातम्यांत ती फसवणूक असते, गाण्यांत बेवफाई. त्याआधीच्या पिढीची कथा उलटी होती. परदेशातला नवरा लग्न करून जायचा आणि बायकोची फाइल लावायचाच नाही. ती कथा मात्र आपण ‘तिचे नशीब’ म्हणून ऐकली. दोन्ही कथांचे कथानक एकच आहे, एकाच्या हातात दुसऱ्याचा कागद आहे. बॅनर्जींच्या परिचारिकांच्या नवऱ्यांप्रमाणे इथेही कागद बाईच्या हातात गेल्यावरच समाजाला त्यात अन्याय दिसला.

मग कायद्यानेच ही कथा तोडली. ब्रिटनने १ जानेवारी २०२४ पासून संशोधनाचे अभ्यासक्रम वगळता बहुतेक विद्यार्थ्यांना जोडीदार आणायची मुभा काढून घेतली. कॅनडाने १९ मार्च २०२४ पासून जोडीदाराचा खुला परवाना मुख्यतः पदव्युत्तर आणि काही व्यावसायिक अभ्यासक्रमांपुरता ठेवला. २१ जानेवारी २०२५ पासून तो पदव्युत्तर अभ्यासक्रमही किमान सोळा महिन्यांचा हवा. डिप्लोमासाठी गेलेली मुलगी आता कुणाला बोलावू शकत नाही. नियम बदलण्याच्या मधल्या काळात ठरलेली लग्ने माझ्या टेबलावर कागदांच्या रूपात येतात. कुणाचे लग्न झाले आहे, पण त्याचा उपयोग संपला आहे; आता ते फक्त लग्न आहे. दोन अनोळखी माणसांना खर्चाच्या वहीशिवाय एकमेकांकडे बघायची वेळ आली आहे, आणि सासऱ्यांना गेलेल्या पैशांचा हिशेब हवा आहे. अधिकाऱ्याच्या ‘अस्सल’ या कसोटीला आता जाऊन अर्थ येतो, आणि आता तो विचारायला कुणी नाही.

हे शहर अल्ताफ हुसेन हाली यांचे. इथल्या कलंदरांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. ‘मुकद्दमा-ए-शेर-ओ-शायरी’ लिहून उर्दू समीक्षेचा पाया घालणाऱ्या हालींनी १९०५ मध्ये ‘चुप की दाद’ ही कविता लिहिली. बायकांनी मुकाट्याने जे सोसले त्याला दिलेली ती दाद आहे. काळाच्या मानाने धाडसी आणि मनापासूनची. पण गप्प राहण्याला मिळालेली दाद शेवटी गप्प राहण्याचे मोल वाढवते, असे मला ती वाचताना दर वेळी वाटते. आपल्या स्थलांतराच्या लेखनात एच-४वरच्या बाईला, आणि परिचारिकेच्या नवऱ्यालाही, अशीच दाद मिळते: त्यागाची, समजूतदारपणाची. कायद्याने गप्प केलेल्या माणसाला लेखकाने सोशिक म्हणणे, ही समीक्षेने खपवून घेऊ नये अशी गोष्ट आहे.

राहिला प्रश्न शब्दाचा. कार्पेंटर बाईंना मराठी वाचक ‘मावशी’ म्हणून ओळखतो. आनंदीबाईंची त्यांना लिहिलेली पत्रे इंग्रजीत आहेत आणि इंग्रजीत ‘आन्ट’ म्हटले की काम भागते. मराठीला मात्र निवड करावी लागते. काकू आणि मामी या लग्नामुळे नात्यात येतात. काकाची बायको, मामाची बायको. मावशीचे नाते कुणाच्या लग्नावर अवलंबून नाही. ती आईच्या रक्ताची. नवऱ्याशिवाय बोट चढलेल्या मुलीची हमी घेणाऱ्या परक्या बाईला मराठीने काकू म्हटले नाही, मामी म्हटले नाही. इंग्रजी अनुवादात ही निवड दिसेनाशी होते, आणि ती टिकवायची तर शब्द तसाच ठेवून वाक्यात त्याला जागा करून द्यावी लागेल. व्हिसाच्या फाइलीत ते करता येत नाही. तिथे नात्याचा रकाना असतो, त्यात जोडीदार, आई-वडील आणि मुले एवढीच नाती बसतात. ‘आनंदी गोपाळ’चा कुणी नव्याने इंग्रजी अनुवाद करणार असेल, तर त्याने गोपाळरावांपेक्षा या एका शब्दाची काळजी जास्त घ्यावी, असे मी सुचवीन.